ताजं गाजर की पाकिटातलं

आमच्या गल्लीत त्यांना सगळे चष्मेवाले म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं छोटं दुकान आहे. आत डोळे तपासायची खुर्ची, भिंतीवर खाली खाली बारीक होत गेलेली अक्षरं आणि काचेच्या कपाटात फ्रेमा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे ते एक काच धरतात, मग दुसरी, आणि विचारतात, "ही बरी की ही?" समोरचा गोंधळला तर न कंटाळता पुन्हा विचारतात. घरात मात्र हे बरं की ते, हे ठरवायचं काम काकूंचं होतं. पडदे कुठले, पाहुण्यांना कधी बोलवायचं, मुलीनं काय शिकायचं, जेवायला काय करायचं, सगळं त्याच बघायच्या. चष्मेवाल्यांना चहा तेवढा करता यायचा, आणि तोही काकू तोंड वाकडं करूनच प्यायच्या.

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. पाय ओढत का होईना, त्या चालायला लागल्या, पण बोलण्याचा पार विचका झाला. शब्द यायचे ते भलतेच. चमच्याला कंगवा म्हणायच्या, नवऱ्याला डॉक्टर. 'हो' आणि 'नको' यांतलं कधी कोणतं बाहेर पडेल याचा तर नेमच नव्हता. "पाणी देऊ?" असं विचारलं की "नको" म्हणायच्या आणि पेल्याकडे हात करायच्या.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, की गाजर, बीट, रताळं असं काहीतरी मऊ शिजवून देत जा. चष्मेवाले पिशवी घेऊन भाजीच्या दुकानात गेले आणि तिथेच अडले. टोपलीत पाल्यासकट गाजरं होती, आणि शेजारच्या फ्रीझरमध्ये तीच गाजरं तुकडे करून पाकिटात गोठवलेली.

"यातलं चांगलं कोणतं?" त्यांनी दुकानातल्या बाईंना विचारलं.

"घरात सोलणारं, चिरणारं कोणी आहे का, काका?"

"मीच आहे."

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पाकीट पुढे केलं. "हे न्या. शेतातून काढल्या काढल्या चिरून गोठवतात म्हणे. टोपलीतली कधी निघालीत ते मलाही सांगता यायचं नाही."

घरी पोचतात तो परगावी राहणाऱ्या मुलीचा फोन. "पाकिटातलं? बाबा, आईनं जन्मात पाकिटातली भाजी घरात आणू दिली नाही. तिला ताजीच द्या."

चष्मेवाले उलट्या पावली जाऊन ताजी गाजरंही घेऊन आले.

पहिल्या दिवशी त्यांनी पाकीट उघडलं. बर्फ आधी वितळायला हवा, असा हिशेब करून तुकडे सकाळभर ओट्यावर ठेवले आणि मग उकडले. झाला नुसता पाणचट लगदा. काकू "छान" म्हणाल्या आणि अर्धा टाकला. दुसऱ्या दिवशी ताजी गाजरं सोलली, त्यात अंगठाही थोडा सोलला. गाजर वरून शिजलं, मधला दांडा तसाच लाकडासारखा राहिला. काकूंनी तो तोंडातून काढून ठेवला, "छान" म्हणाल्या आणि पुन्हा अर्धं ताट तसंच.

अर्धं आवडलं म्हणजे काय समजायचं माणसानं? चष्मेवाल्यांनी भाजीवाल्या बाईंचा पुन्हा सल्ला घेतला. गोठवलेले तुकडे वितळू न देता थेट गरम भांड्यात टाकून बघितले. ताजी गाजरं कोवळी, बारीक बघून आणली. मीठ वाढवलं, लोणी घातलं. काही केलं तरी अर्धं ताट परत यायचं. दुकानात त्यांचं लक्ष लागेना. एकदा एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "काका, दोन्ही सारख्याच दिसतायत." बघतात तर त्यांनी दोन्ही वेळा तीच काच लावली होती.

तेव्हा त्यांना वाटलं, घरीही दुकानासारखंच विचारून बघावं. रविवारी दुपारी त्यांनी एकसारखे दोन वाडगे घेतले. काकूंच्या डाव्या हाताला ताजं गाजर ठेवलं, उजव्या हाताला पाकिटातलं.

"अगं, हे बरं की हे?"

काकूंनी चाखून डावीकडच्या वाडग्यावर बोट ठेवलं. चष्मेवाले मुलीला फोन लावणार होते, पण सवयीप्रमाणे एकदा वाडग्यांची अदलाबदल केली. आता डावीकडे पाकिटातलं. काकूंनी तितक्याच आनंदानं त्याच्यावर बोट ठेवलं. पुन्हा बदलले, पुन्हा डावीकडचाच. चष्मेवाले खुर्चीत टेकले. मग त्यांच्या लक्षात आलं, की उजवीकडच्या वाडग्यात काकूंनी एकदाही चमचा घातला नव्हता.

त्यांनी काकूंना समोर बघायला सांगितलं आणि आपलं बोट उजव्या बाजूनं हळूहळू पुढे आणलं. बोट नाकासमोर येईपर्यंत काकूंना त्याचा पत्ताच नव्हता. चष्मेवाले आत जाऊन सकाळचं उरलेलं ताट घेऊन आले आणि भरलेली बाजू डावीकडे करून समोर ठेवलं. आत्ता हे कुणी वाढलं, अशा नजरेनं काकू ताटाकडे बघत राहिल्या आणि मग सगळं चाटूनपुसून खाल्लं.

डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर असं होतं, नजरेची एक बाजू जाते. मान वळवून बघायची सवय लावा, थोडंफार सुधारेलही.

पण गाजराचा घोळ होता तिथेच होता. चष्मेवाल्यांनी वाडगे एकापुढे एक ठेवले. काकूंनी दोन्ही खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

"मग कोणतं बरं?"

"काल... कंगवा... नको, नको," असं म्हणत त्या स्वयंपाकघराकडे हात करू लागल्या. चष्मेवाल्यांनी पाणी आणलं, मीठ आणलं, नॅपकिन आणला. काकूंनी एकेक वस्तू बाजूला सारली आणि शेवटी स्वतःच पाय ओढत आत गेल्या. टोपलीतलं गाजर काढून नवऱ्याच्या हातात दिलं आणि सोलाणं डाव्या हातात घेतलं. चष्मेवाल्यांनी गाजर ओट्यावर दाबून धरलं, काकू सोलत राहिल्या. सालं वेडीवाकडी पडत होती. सोलाणं घसरून नवऱ्याच्या अंगठ्याला लागलं.

"अहो," काकू म्हणाल्या.

झटक्यानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता. चष्मेवाले गाजर धरून उभे राहिले. बायकोला ताज्याची चव आवडली, हाताला काम हवं होतं, की आपलं सोलणंच तिला बघवत नव्हतं, यातलं काहीच त्यांना उमगेना. विचारायचीही सोय नव्हती.

मुलगी सुट्टी काढून आली तेव्हा टोपलीही भरलेली आणि फ्रीझरही.

"बाबा, नक्की काय ठरलंय?"

"गाजर ताजं," चष्मेवाले म्हणाले. "बीट पाकिटातलं, कारण ते हातातून निसटतं, दोघांनाही धरता येत नाही. रताळ्याचं अजून काही कळलेलं नाही."