लालबी पिंजारीण आमच्या वस्तीत आली

सटवाईला मी त्या साली शिवी घातली होती, हे आधीच सांगून टाकतो. देवाधर्माचं लिहायचं आणि आपलं पाप झाकायचं, हे मला जमत नाही. बायको जाऊन दोन महिने झाले होते. चार लेकरं तिच्या मांडीवर गेली, एक पोरगा तेवढा जगला. तरी वस्तीत कुणाचं बाळंतपण झालं की पाचवीला सटवाईच्या दगडाला हळदकुंकू लावायला हीच पुढं. ती गेल्यावर मी त्या दगडापुढं उभा राहून म्हणालो, "लेकरांची कपाळं तुझ्या हातात कुणी दिली गं? तुला धड लिहिता तरी येतं का?" आणि वर एक शिवी हासडून घरी आलो. मला स्वतःला येतात ती चार अक्षरं एका गोसाव्यानं ओट्यावर बसवून गिरवून घेतलेली. तेव्हा वाकडंतिकडं लिहिलं असलं तर सांभाळून घ्या.

आमची वस्ती तेलगावच्या वाटेवर, गावाच्या वेशीबाहेर. सगळे सालगडी आणि रोजंदारीचे मजूर. राज्य निजामाचं. शाळा होती ती गावात, उर्दूची, आणि तीही वाड्यावरच्या पोरांसाठी. आमच्या तान्ह्यांची शाळा म्हणजे अफू. कापूस वेचायला बाया उजाडताच निघायच्या. मागं राहिलेलं लेकरू रडू नये, चुलीत हात घालू नये, म्हणून त्याला मोहरीएवढी अफू नखावर घेऊन चाटवायच्या. ठेकेदाराच्या दुकानात ती उघड मिळायची. लेकरू दुपारपर्यंत गप पडून राही, आणि आम्ही कौतुकानं म्हणायचो, लई शहाणं लेकरू हाय. आपल्या हातानं आपण काय करतोय ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. सगळेच करत होते ना.

घरात हे माप बायकोला ठाऊक. किती द्यायची, कधी द्यायची, कोणत्या दिवशी अजिबात द्यायची नाही, सगळं तीच बघायची. मी कधी विचारलं नाही. मी स्वतः गुडघ्यांच्या कळांसाठी सकाळ-संध्याकाळ गोळी घेत असे, तेव्हा मला वाटायचं, अफूतलं आपल्याला सगळं कळतं. पोरगा चार दिवसांसाठी देशमुखाच्या गाड्या घेऊन जालन्याला गेलेला. घरात मी, सून धुरपा आणि तिची सव्वा वर्षाची ठकी. त्या दिवशी धुरपा वेचणीला गेली आणि ठकी रडायला लागली. खांद्यावर घेतली, थोपटली, भाकरीचा तुकडा दिला. गप होईना. मग मी डबी काढली आणि माझ्या मापानं दिली. मोठ्या माणसाच्या मापानं. ठकी झोपली. मला बरं वाटलं, हेही लिहितो.

दुपारी धुरपा पाजायला आली. पोरीला हलवलं, तर मान लोंबली. ओठ काळेनिळे, श्वास अडकून अडकून यायचा.

"मामा, काय दिलंत हिला?"

"थोडीशी गोळी."

"आवो, म्या पहाटंच दिलती की!" असं म्हणून तिनं जो हंबरडा फोडला, तो अजून माझ्या कानात आहे.

त्याच वेळी लालबी वस्तीत शिरत होती. ही म्हातारी पिंजारीण दर साली गावात यायची, गाद्या-गोधड्यांचा कापूस पिंजून द्यायची. आमच्याकडं कधी वळत नसे. आमच्या गोधड्यांत चिंध्याच असायच्या, पिंजायचा काय? पण त्या दिवशी वेशीतून कुणाची तरी मयत निघाली होती, म्हणून ती बाजूच्या वाटेनं आली. एवढंच कारण. खांद्यावरची पिंजायची धनुकली तिनं दाराशी टाकली, आत येऊन ठकीच्या पापण्या उघडून बघितल्या आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "अफीम? किसने दी, तू दिया?"

मी मान डोलावली.

"अब बैठ के रो मत. पानी ला. मेरा एक ऐसाच गया, मालूम हाय मेरे कू."

मग तिनं ठकीला उभी धरली, तोंडावर गार पाणी मारलं, तळपाय चोळले, चिमटे काढले. पोरगी जरा कुरकुरली की पुन्हा डोळे मिटायची. धुरपाला बघवेना. तिनं पोर ओढून घ्यायला हात पुढं केले, तेव्हा लालबी खेकसली, "रोने दे! रोती तो जीती. चुप हुई तो गई." लेकरू गप बसावं म्हणून आमची सगळी धडपड, आणि ही बाई त्याला रडवायला जिवाचं रान करत होती.

मी बाहेर पडलो. पाय आपसूक सटवाईच्या दगडाकडं गेले. शिवी दिलेल्याला मागायचं तोंड नसतं. नवस बोललो नाही, माफी मागितली नाही. दगडाला पाठ टेकून नुसता बसलो. इतकी वर्षं देवाशी मी भांडत तरी होतो नाही तर सौदा तरी करत होतो. त्या दुपारी माझ्यापाशी दोन्हींतलं काही उरलं नव्हतं. असा रिकामा मी पहिल्यांदाच बसलो असेन. दिवेलागणीला वस्तीतून रडण्याचा आवाज आला, लेकराचा, खणखणीत. त्याहून गोड आवाज मी ऐकलेला नाही.

ठकी वाचली, पण तिच्यातलं काहीतरी विझलं होतं. बसवली तिथं बसायची. हाक मारली तर बघायची नाही. चालायला लागली होती, तेही विसरली. धुरपा माझ्याशी बोलेनाशी झाली. पोरीला माझ्या हातात देईना, पाठीला बांधून कापसात न्यायची. लालबीनं ते बघितलं आणि गावात जायचं सोडून आमच्या वस्तीतच लिंबाखाली पथारी टाकली. बायांना म्हणाली, डब्या फेकून द्या, पोरं माझ्यापाशी टाका. येताना एकेक भाकरी आणा.

पहिल्या दिवशी तीन लेकरं आली, आठवडाभरात दहा. धुरपाही ठकीला तिच्यापाशी ठेवू लागली. काय करायची म्हणून सांगू! रांगत्यांना गोधडीवर सोडायची, तान्ह्यांना झोळीत. सरकीचे दाणे मोठ्यांपुढं ओतायची. एकानं पाच मोजायचे, दुसऱ्यानं पाचांच्या रांगा लावायच्या. पिंजताना तारेचा ठेका धरून गाणी म्हणायची, अर्धी तिच्या बोलीत, अर्धी आमच्या. हात धुतल्याशिवाय भाकरी नाही. ठकीला ती कधी उचलून हातात काही द्यायची नाही. लाल चिंधी तिच्यापासून वीतभर लांब ठेवायची आणि वाट बघायची. अर्धा अर्धा दिवस. एवढा धीर मी साधुसंतांतही पाहिला नाही.

मी लांबून बघायचो. एकदा ती म्हणाली, "बुढ्ढे, देखता क्या? झोली हिला." तेव्हापासून मी झोळीची दोरी धरली. वाटेनं जाणारे गडी दात काढायचे. "काय बे, दाई झालास का?"

"झालो. तुझं पोरगं बी आण, शेंबूड तरी पुसंल कुणी त्याचा."

संक्रांत होऊन गेली, वेचणी सरली आणि लालबी निघाली. ठकी अजून तशीच होती. मी म्हणालो, ही चालंल का गं? ती म्हणाली, "वो उसका काम. तेरा काम बैठने का. बैठ." आणि धनुकली खांद्यावर टाकून पालीच्या दिशेनं गेली. पुन्हा आली नाही.

मी बसलो. विश्वास होता म्हणून नाही. दुसरं काही येत नव्हतं म्हणून. बाया खुरपणीला जायच्या, पोरं माझ्यापाशी. धुरपानंही ठकीला लिंबाखाली ठेवणं सोडलं नाही, पण शेजारणीच्या थोरल्या पोरीकडं सोपवून, माझ्याकडं नाही. पाऊसकाळ सरत आला होता. एके दिवशी मी एकाला पाणी पाजत होतो आणि झोळीतलं तान्हं रडायला लागलं. वळून बघतो तर ठकी उभी. लिंबाला धरून उठली होती. मग लिंब सोडला, चार पावलं टाकली, झोळीला हात लावला आणि तोंडानं लालबीच्या तारेसारखं "टंग, टंग" करायला लागली. मी हाक मारली नाही. तिथंच खाली बसलो आणि रडलो.

लोक विचारतात, सटवाईच आली होती का रे त्या रूपानं? मी म्हणतो, लालबी आली होती. तिला कुणी धाडलं ते धाडणाऱ्याला ठाऊक. दगडाला मी आता रोज पाणी घालतो. काही मागत नाही. माणसानं आपल्या वाट्याचं बसून राहावं, उठवणारा उठवतो, एवढंच मला या म्हातारपणात कळलं, आणि तेही कुणी तरी खेकसून सांगितलं तेव्हा.

पुढच्या कापसापर्यंत धुरपाला मुलगा झाला होता, तीन महिन्यांचा होता. वेचणीच्या पहिल्या दिवशी ती लिंबाखाली आली. शेजारणीची पोरगी हात पुढं करून उभी होती. धुरपा तिला वळसा घालून माझ्यापाशी आली, लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं, पदर खोचला.

"मामा, रडला तर रडू द्या," म्हणाली, आणि मागं न बघता शेताकडं गेली.