विषय: आईला भेटायला येणेबाबत

माझा दादा अंबरनाथ पूर्वेला नगरसेवक आहे. गटार तुंबलं, नळाला पाणी आलं नाही, की लोक त्याच्या ऑफिसात अर्ज घेऊन जातात आणि तो म्हणे एकेक अर्ज स्वतः वाचतो. आईचं शेवटचं आजारपण मात्र माझ्या घरी निघालं, उल्हासनगरात, कॅम्प चारला. दादाकडे माणसांची वर्दळ, तिथे तिला आराम मिळणार नाही, असं ठरलं. ठरवलं त्यानेच. त्याच्या ऑफिसातून माझ्याकडे यायला रिक्षाला अर्धा तास पुरतो, पण दिवाळीपासून तो फिरकला नव्हता.

फोन केला की पीए उचलायचा. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, ताई." आई रोज विचारायची, मी रोज नवी थाप मारायचे. शेवटी तिनेच डोकं चालवलं.

"बाय, तू अर्ज लिव. लोकांचा वाचतो, मंग माझा नाय वाचनार?"

मला हसूही आलं आणि रागही. तरी लिहिला. विषय टाकला, 'आईला भेटायला येणेबाबत'. खाली लिहिलं, अर्जदार अंथरुणाला खिळली असून पालेगावात आपणास तिनेच लहानाचे मोठे केले आहे, तरी कृपया वेळ द्यावा. टोमणाच होता तो. चिडून का होईना, येईल असं वाटलं. आईने अंगठा उठवला आणि मी स्वतः ऑफिसात नेऊन दिला.

आठवड्याने उत्तर आलं, लेटरहेडवर. 'प्रति, अर्जदार. आपल्या समस्येची गांभीर्याने दखल घेतली असून संबंधित विभागाकडे पाठपुरावा सुरू आहे.' खाली दादाची सही, शाईची. म्हणजे स्वतःच्या हाताने, पण न वाचताच केलेली.

मी फाडणार होते. आईने कागद मागून घेतला, मला दोनदा वाचायला लावला. "येळ नाय त्याला. पन उत्तर तरी दिलान ना," म्हणाली. शेजारच्या सिंधी काकूंनाही दाखवला, "मेरे लडके का है." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं हगणंमुतणं मी काढत होते आणि कौतुक त्या सहीचं. कागद शेवटपर्यंत तिच्या उशीखाली होता.

ती गेली तेव्हा दादा आला, पाच-सहा गाड्या घेऊन. पालेगावच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. सांत्वनाची पत्रं तर किती आली! तेराव्याला जेवणं उरकल्यावर तो पहिल्यांदा माझ्याजवळ बसला. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

"तुझं मराठी चांगलं आहे," तो म्हणाला. "सगळ्यांना आभाराची पत्रं लिहून दे. आईबद्दल चार ओळी टाक, मनाला लागतील अशा. मी सह्या करतो."

मी पर्समधून तो उशीखालचा कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने वरपासून खालपर्यंत वाचला, स्वतःची सही पाहिली आणि पीएला हाक मारली.

"हे काम कोणाचं होतं रे? झालं का?"