चार बोटांचा मामला

आमच्या पनवेलात हल्ली कुणी घरात राहत नाही. जो तो विकायच्या घरात राहतो. विमानतळाचं काम सुरू झाल्यापासून हे वारं सुटलंय. भाजीवालीपाशी रेट, लग्नाच्या पंगतीत रेट. एकदा तर तेराव्याच्या जेवणावर शेजारच्या पानावरचे गृहस्थ मला आमच्या मजल्याचा भाव विचारत होते. खीर वाढणाऱ्याला 'बास' म्हणावं की यांना, तेच मला कळेना.

मी बुटकी आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. लग्न होऊन या फ्लॅटमध्ये आले तेव्हा बिल्डरने घातलेला स्वयंपाकघराचा ओटा माझ्यासाठी उंच होता. किती उंच? चार बोटं. पण चार बोटं म्हणजे पोळ्या लाटताना खांदे कानांशी येतात आणि उकळत्या पातेल्यात डोकावायला टाचा उचलाव्या लागतात. त्यावर उपाय म्हणून सासूबाईंनी जेवायचा पाट काढून दिला. त्या पाटावर उभं राहून मी तीस वर्षांच्या वर स्वयंपाक केला. गॅसकडून सिंककडे जाताना पाट पायाने सरकवायचा, परत येताना पुन्हा सरकवायचा. पाहुण्यांना याची गंमत वाटायची.

गेल्या वर्षी फरशीवर पाणी सांडलेलं होतं. पाट सरकला, मी पडले आणि मनगट मोडलं. वरणाचं पातेलं उलट्या बाजूला कलंडलं म्हणून भाजले नाही, एवढंच नशीब. हाडाच्या डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा पाटावर चढायचं नाही. आमच्या यांनी काय करावं? बाजारात जाऊन त्यांनी पाटाला खालून रबर लावून आणलं! वर मला कौतुकाने दाखवलं. माझा हात प्लॅस्टरमध्ये होता म्हणून, नाहीतर तो पाट कुठे गेला असता ते सांगत नाही.

तेव्हा मी जाहीर केलं की ओटा तोडायचा आणि माझ्या उंचीचा बांधायचा. यापुढे मी जमिनीवर उभी राहून स्वयंपाक करणार. एवढी साधी मागणी होती.

मुलगा बेंगळुरूला असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. "आई, करतोच आहोत तर ड्राय बाल्कनी आत घेऊन टाकू, किचन मोठं दिसेल. आणि हाईट स्टँडर्डच ठेवू हां. उद्या विकायचं झालं तर ठेंगणा ओटा बघून गिऱ्हाईक परत जाईल."

घर विकायचं ठरलेलं नव्हतं. कुठे जायचं तेही ठरलेलं नव्हतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! जी बाई अजून या जिन्यातसुद्धा आलेली नाही, तिचे खांदे दुखू नयेत म्हणून माझा मुलगा झुरत होता. त्याच्या आईचे खांदे त्याने लहानपणापासून पाहिले होते, पण ते त्याच्या हिशोबातच नव्हते.

शिवाय त्या ड्राय बाल्कनीत माझे गुलाब होते. पूर्वेचं ऊन घरात तेवढ्याच जागी येतं. "पनवेलात गुलाब? पुण्याला जा," असं मला नर्सरीवाल्यापासून नणंदेपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं. खरंही होतं ते. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात, मुळं कुजतात, फांदी टोकाकडून काळी पडत खाली उतरते. मग कात्री घेऊन आत हिरवं लागेपर्यंत कापत जायचं. कधी लागतं, कधी नाही. पाऊस संपला की बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची धूळ. पहिल्या तीन वर्षांत मी किती रोपं घालवली ते मोजलंच नाही. नंतर कुंड्या विटांवर चढवल्या, मातीत वाळू वाढवली, आणि चार झाडं टिकली. त्यातलं एक गावठी गुलाबी, वासाचं. ही जागा आत घ्यायची म्हणे, किचन मोठं दिसण्यासाठी!

बाल्कनीचं भांडण मी जिंकले. ओट्याचं हरले, तेही मला न कळता.

ठेकेदार जवळच्या ओवे गावाकडचा, गडी तसा बरा, पण माप घ्यायला आला तेव्हा त्याने टेप यांच्या हातात दिला. "काका, उंची किती ठेवू?" हे सहा फुटी. आयुष्यात चहापलीकडे काही उकळलेलं नाही. मी मध्ये पडून उंची सांगितली, तर तो हसला. "काकी, आमी सगल्या बिल्डिंगीत येकच हाईट देतो. स्टँडर्ड हाय. तुमी टेन्शन नका घेव."

मी पुन्हा सांगितलं, त्याने मान डोलावली. धुळीने खोकला वाढला म्हणून मी बहिणीकडे अलिबागला गेले. परत येऊन पाहते तर काळाभोर चकचकीत ग्रॅनाइटचा ओटा तयार. उंची स्टँडर्ड. लाटायच्या जागी हात ठेवून पाहिले, खांदे जिथल्या तिथे, कानांशी.

"काय सुंदर दिसतोय ना?" हे म्हणाले.

बाल्कनीत गेले तर तिथे दुसरी कथा. फरशीवाल्यांनी सिमेंटची घमेली माझ्या कुंड्यांमध्ये धुतली होती. माती पांढरी फटक, पानं करपलेली. पाणी ओतायला मोरी दोन पावलांवर होती! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. यांना विचारलं, तुम्ही होतात ना घरात? तर म्हणाले, "अगं, मला वाटलं खत घालतायत." हसू नका. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

मी ठेकेदाराला फोन केला, ओटा उतरव. तो यांच्याशी बोलायचं म्हणाला. मी म्हटलं, त्यांच्याशी काय बोलतोस, ते लाटणार आहेत का पोळ्या? मग सगळे माझ्यावर तुटून पडले. मुलाचा फोन आला, बहिणीचा आला. समोरची शेजारीणसुद्धा म्हणाली, "एवढ्याशा उंचीसाठी? तयार झालेला ओटा?" एवढ्याशा! मग एवढंसं मला द्यायला सगळ्यांच्या इतकं जिवावर का येत होतं?

ओटा उतरवताना ग्रॅनाइट सिंकच्या कोपऱ्यापासून तडकला. "बघ," हे म्हणाले. तसा दगड दुकानात नव्हता, माल यायचा होता, यायचाच राहिला. आमची शेगडी बाहेर हॉलमध्ये सोफ्याशेजारी, टीव्हीला फोडणीचा वास. घरी येणारा प्रत्येक जण "अजून नाही झालं?" विचारायचा आणि माझ्याकडे बघायचा. दोनदा माझ्या मनात आलं, जाऊ दे, काढावा तो पाट. मग मनगट वळवून बघायची. ते अजून पुरतं वळत नव्हतं.

त्या दिवसांत मी कुंड्यांची माती बदलली आणि गुलाब कापत बसले. हिरवं लागेपर्यंत. दोन झाडं गेली. तिसऱ्याला बुडातून जोमदार फांदी फुटली, तर हे धावत सांगायला आले. मी ती बुंध्यापासून उपटली. हे हबकलेच. यांना समजावलं, गुलाबाचं कलम जंगली खुंटावर बांधतात. वरचं दुबळं झालं की खालचा खुंट माजतो, पाला भरपूर आणि गुलाब नाही. वर जगेल तेवढंच माझं. काही दिवसांनी गावठी गुलाबीला कलमाच्या सांध्याच्या वर लालसर डोळा आला. तो मी कुणाला दाखवला नाही.

दगड आला तो काळा नव्हता, करडा होता. म्हटलं, चालेल. या खेपेला मी कुठेही गेले नाही. चपला काढून भिंतीशी उभी राहिले, हातात लाटणं धरलं, खांदे सैल सोडले आणि ठेकेदाराला म्हटलं, इथे पेन्सिल लाव. टेप नको. त्याने यांच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझ्याकडे बघ. त्याने रेघ मारली.

ओटा झाला. पहिल्या दिवशी मी जमिनीवर अनवाणी उभी राहून कणीक मळली आणि पहिली पोळी लाटली. खांदे वर आले नाहीत. पातेल्यात बघायला टाच उचलावी लागली नाही. पोळी आपोआप फिरत होती, लाटण्याला जोरच लागत नव्हता. मला वाटलं होतं, मी खूश होईन. तव्यावरची पोळी करपली आणि मी ओट्याला धरून रडत उभी राहिले, रागाने. इतकं सोपं होतं?

हे दारात येऊन म्हणाले, "आता काय झालं? झालं ना तुझ्या मनासारखं?"

"झालं," मी म्हटलं. "आज कळलं, रोज रात्री माझी पाठ कशाने दुखायची. मला वाटायचं, बायकांची दुखतेच."