वहीतलं दहावं नाव

"मी वर बोलून ठेवलो आहो," असं म्हणत तो बोट छताकडे दाखवायचा. वर म्हणजे कोण, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. भंडाऱ्याजवळच्या आमच्या लोखंडाच्या कारखान्यात तो युनियनचा अध्यक्ष होता आणि मी फिटर. हुद्द्याने तोही फिटरच. पण त्याच्या कडक इस्त्रीच्या गणवेशावर ग्रीसचा डाग मी कधी पाहिला नाही. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल.

नवी भट्टी बसवायला परदेशी तंत्रज्ञ आले, कामाच्या व्हिसावर. भट्टी बसली, तरी ते राहिले. आमच्या नऊ फिटरांना कामावरून काढून घरी बसवलं आणि त्यांचे नटबोल्ट हे तज्ज्ञ आवळू लागले. त्या लोकांवर राग नव्हता. पाठवलं तिथे आले होते बिचारे. राग अध्यक्षाचा यायचा. मॅनेजरच्या केबिनमधून चहा पिऊन बाहेर यायचा आणि आम्हाला सांगायचा, "दम धरा."

अड्याळच्या एका वेल्डरने माहिती काढली, की ज्या कामाला इथला माणूस मिळतो त्यासाठी असा व्हिसा देत नाहीत. मग आम्ही एक वही सुरू केली. कोणत्या तज्ज्ञाने कोणत्या दिवशी कोणतं काम केलं, ते मी आतून टिपायचो. सोबत घरी बसलेल्या नऊ जणांची नावं, सह्या, आयटीआयची प्रमाणपत्रं.

अध्यक्ष हसला. "काहून पोरखेळ करून राहिले बे?" दुसऱ्या दिवशी मॅनेजरला वहीची खबर होती.

पुढच्या महिन्यात आणखी एक जण कमी झाला. अध्यक्षच. संध्याकाळी माझ्या दारात उभा.

"माझं बी नाव टाक ना भाऊ. बायकोले अजून सांगतलो नाही."

"वर बोला ना," मी म्हटलं. मला थोडी मजा वाटली, खोटं कशाला सांगू.

मी वही पुढे केली. त्याने नऊ नावांखाली आपलं नाव लिहून सही केली.

तक्रार कामगार कार्यालयात आणि कलेक्टर कचेरीत दिली. अधिकारी आले, वहीतलं एकेक काम ताडून पाहिलं. तज्ज्ञ परत गेले आणि नऊ जणांना बोलावणं आलं. त्याला नाही. "तो काम विसरला आहे," मॅनेजर म्हणाला. आयुष्यात एकदाच मला त्या मॅनेजरचं पटलं.

नऊ जण परतले त्या सकाळी तो गेटवर झेंडूचे हार घेऊन आला होता. एकेकाच्या गळ्यात घातले. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "आत साहेबाले सांगजो, मी येऊन गेलो म्हणून."

मी हो म्हटलं. आत जाऊन कोणालाच सांगितलं नाही.