कुठल्याच पोथीत नसलेली देवी

त्या पुस्तिकेच्या शंभर प्रती मी हौसेने छापून घेतल्या होत्या. पनवेलच्या डीटीपीवाल्याकडे चार खेपा घातल्या, पिवळं कव्हर निवडलं, वर गणपती, खाली कलश. आता त्यातली एकच प्रत माझ्याकडे उरली आहे. ती कपाटात साड्यांच्या खाली असते आणि साडी काढताना चुकून हाताला लागली की माझा दिवस खराब जातो.

पुस्तिकेत धवले आहेत, म्हणजे लग्न लावण्याची गाणी. आमच्याकडच्या शेतीवर आणि खाडीवर जगणाऱ्या घरांत भटजी येतो, मंगलाष्टका म्हणतो आणि जातो. मांडव खरा चालवते ती धवलारीण. ती बाई गाऊन सगळ्या देवांना मांडवात बोलावते. देव येऊन बसले की मग लग्न लागतं, अशी समजूत. आमच्या ओवे गावची धवलारीण माझी आत्या होती.

आत्याचं सासर गावातच, दोन घरं सोडून. तिला मूल नव्हतं. मी चार वर्षांची आणि भाऊ चाळीस दिवसांचा असताना आमची आई बाळंतरोगाने गेली, तेव्हापासून आत्याने दोन घरच्या चुली सांभाळल्या आणि आम्हाला वाढवलं. आईचा फोटो नाही. तिचा विषय निघाला की वडील ताटावरून उठत, म्हणून तो विषय आम्ही काढत नसू. आईबद्दल मला जवळजवळ एवढंच माहीत होतं की ती होती.

शिकले, मास्तरीण झाले, लग्न करून पनवेलला आले आणि तिशीच्या आसपास मला अर्थाची भूक लागली. ही भूक वाईट. नवीन पनवेलमध्ये एका हॉलमध्ये दर रविवारी अध्यात्माचा वर्ग भरे, तिथे मी पहिल्या रांगेत. गीतेवर दोन वह्या भरल्या. दहा दिवसांचं मौन शिबिर केलं आणि घरी आल्यावर पुढचे दहा दिवस त्याच्याबद्दल बोलले. ‘मी कोण’ हा प्रश्न रोज पहाटे स्वतःला विचारायचा असं गुरुजींनी सांगितलं होतं. मी विचारत असे, आणि उत्तर यायच्या आत दूधवाला येई.

आत्याला याची मोठी गंमत वाटे. मी गावी गेले की म्हणायची, “सापडला का गो तुझा देव? खारघरच्या डोंगरावर बघितलास का? तेवरीच जागा राहिली असंल.”

मला राग यायचा. ही बाई आयुष्यभर देवांना हाका मारते आणि आपण काय गातो याचा हिला पत्ता नाही, असं मला मनापासून वाटे.

भावाचं लग्न ठरलं, तेव्हा मी घरात जाहीर केलं की या लग्नात धवले नीट होतील. आत्या गाते ते आधी लिहून काढायचं, शुद्ध करायचं, छापायचं आणि बायकांच्या हातात द्यायचं. वडील म्हणाले, “तुला समजतं त्यातलं, कर.” आत्याला मात्र वेगळंच काही समजलं. तिला वाटलं, मी गायला शिकायला येते आहे.

किती खूश झाली होती ती! बरीच वर्षं ती तिच्या मागे ओळ धरणारी कुणीतरी शोधत होती. गावातल्या मुली कॉलेजात, सुना नोकरीवर. धवलारीण एक ओळ टाकते आणि शेजारी बसलेली तीच ओळ मागून उचलते. ती शेजारची वर्षानुवर्षं उचलत राहते आणि एक दिवस पुढे बसते. धवले असेच एकीकडून दुसरीकडे जातात. मी शनिवारी दुपारी वही घेऊन पडवीत बसले की आत्या तोंड धुऊन, पदर सारखा करून समोर बसे. “लिव नको गो,” म्हणे. “मागं वढ. गल्यात बसलं म्हंजे झालं.” मी लिहीत राहिले. मध्येच थांबवून अर्थ विचारला की तिचा धागा तुटे आणि तिला पहिल्यापासून सुरू करावं लागे.

“अर्थ कशाला पायजे?” एकदा ती वैतागली. “पानी पिताना अर्थ इचारतंस का?”

दोनशेपानी वही जवळजवळ भरली. मग मी शुद्धीकरणाला बसले. सुरुवातीलाच जगाची गोष्ट होती. सगळीकडे पाणीच पाणी, देवांना मांडव घालायला कोरडी जागा नाही, तेव्हा एक चिंबोरी, म्हणजे खेकडी, खाडीच्या तळाशी गेली आणि नांगीत चिखल धरून वर आली. त्या चिखलावर पहिला मांडव उभा राहिला. मी रविवारच्या वर्गात शिकले होते की पृथ्वी वर काढली ती वराहाने. मग मी चिंबोरी काढली आणि वराह बसवला. आमी-तुमीचं आम्ही-तुम्ही केलं. जिथे ओळ दोनदा यायची तिथे एकदाच ठेवली.

त्यानंतर देवांना बोलावणं होतं. गावदेवी, वेशीवरचा देव, खाडीचा देव, डोंगरावरचा देव, कुलस्वामिनी. आणि सगळ्यात शेवटी चार ओळी अशा, की कोणत्या देवीच्या ते मला कळेना. नावच नव्हतं. खाडीपल्याडची बाय, ये गो मांडवाला. हसताना पदर धरते, ये गो मांडवाला. डाव्या पायानं उंबरा वलांडते, ये गो मांडवाला. आणि अशीच चौथी ओळ.

“ही कुठली देवी, आत्या?”

“हाय एक. आपल्या घरची.”

“पण नाव काय तिचं?”

“नाव घेत नाय तिचं,” असं म्हणून ती चुलीकडे उठून गेली.

मी पुस्तकं पालथी घातली. उंबरा डाव्या पायाने ओलांडणारी देवी कुठे असते का? गुरुजींना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, लोकाचारात असं बरंच शिरलेलं असतं, शास्त्राला आधार नसेल तर सोडून द्यावं. मी सोडून दिलं. छपाई झाल्यावर ती वही वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात रद्दीवाल्याला गेली. पक्की प्रत झाल्यावर कच्ची कशाला ठेवायची, हा माझा शाळेतला शिरस्ता.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवात मी स्वतः पुस्तिका वाटल्या. सुना-लेकी एकदम सरसावून बसल्या. आत्याने हिरवं लुगडं नेसून पहिली ओळ टाकली. बायकांनी तिच्यामागे पुस्तिकेतली ओळ वाचली आणि लगेच पुढची वाचली. आत्याला वाचता येत नव्हतं. ती दुसऱ्यांदा ओळ घ्यायला जाई तोवर बायका दोन ओळी पुढे गेलेल्या असत. चिंबोरीपाशी ती एकटी पडली. बायका खळखळून हसल्या, तीही कसनुशी हसली. मग ती पुटपुटत मागून येऊ लागली. आयुष्यभर पुढे बसलेली माझी आत्या त्या दिवशी मागे ओढत होती.

देवांचं बोलावणं संपलं. पुस्तिका तिथे संपत होती, बायका गप्प झाल्या. आणि आत्याने मोठ्याने, एकटीने आवाज लावला, “खाडीपल्याडची बाय...”

सगळ्यांनी पानं उलटून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी सरकत जाऊन तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “आत्या, ते काढलंय.”

ती थांबली. “काढलंस?”

“हो. ते शास्त्रात नाही.”

“मंग तिला कोन बोलावनार गो?” तिने हळूच विचारलं. “आज तरी तिला बोलवायला पायजे.”

मी काय म्हणाले, ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं. मी म्हणाले, “देवीला काय बोलवायचं? ती न बोलावताही येते.”

आत्याला भांडता आलं असतं, गावात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. पण माझ्याशी ती कधी भांडली नाही. तिने पाणी मागितलं, दोन घोट प्यायली आणि भिंतीला टेकून बसली. तिकडे हळदीच्या वाट्या फिरू लागल्या होत्या.

पुस्तिका गावात फिरल्या. पुढच्या लग्नांत सुनांनी आपापसांत वाचून भागवलं. आत्याला आमंत्रण येई, पण ते जेवायला. मला वाटलं, मी समाजकार्य केलं. दोन वर्षांनी आत्या गेली. शेवटच्या आजारपणात मी तिला स्तोत्रं वाचून दाखवत होते. ती डोळे मिटून ऐकत होती, किंवा ऐकत नव्हती.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आमच्या शाळेतल्या शिपाईमामांच्या मुलीचं लग्न उलव्याला होतं. सगळीकडे बांधकामं चाललेली, एका अर्धवट इमारतीशेजारी त्यांचं जुनं घर आणि पुढे मांडव. तिथे खाडीकडच्या एका गावची म्हातारी धवलारीण आली होती. मी मागे खुर्चीवर बसून सरबत पीत होते. म्हातारीने देव बोलावले आणि शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणाली, मीठ जास्त घालणारी बाय, ये गो. घोरत निजणारी बाय, ये गो. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

गाणं थांबल्यावर मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, “आजी, ही कुठली देवी?”

“देवी?” ती हसली. “ही नवरीची आजी. गेल्या साली मेली. मेलेल्याचं नाव मांडवात घेत नाय, अशुभ असतं. मंग खुना सांगायच्या. ज्याच्या तो आपल्या खुना बरोबर वलखतो आनि येतो.” मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, “तुमच्यात नाय का असं?”

“होतं,” मी म्हणाले.

सरबताचा ग्लास कुणाच्या हातात दिला ते आठवत नाही. रिक्षात बसल्यावर मी रडले, रिक्षावाला आरशातून बघत होता. खाडीपल्याडची बाय. माझ्या आईचं माहेर खाडीपलीकडे होतं, हे तर मला माहीत होतं. बाकीचं कुठे माहीत होतं? ती हसताना पदर धरायची. मी हसताना तोंडावर हात धरते, वर्गातल्या मुली त्याची नक्कल करतात. उंबरा ती डाव्या पायाने ओलांडायची, म्हणजे नवी सून म्हणून बोलणी खाल्ली असतील. जिचा फोटो नव्हता ती बाई आत्याने गाण्यात जपून ठेवली होती, आणि मुलाच्या लग्नाच्या दिवशी तिला बोलवायला निघाली होती. दर पहाटे ‘मी कोण’ विचारणाऱ्या मला तिच्या खुणा समोर बसवून सांगितल्या होत्या. मी त्या शास्त्रात नाहीत म्हणून खोडल्या.

चौथी खूण आठवत नाही. त्यात हात होते की केस, एवढंही नक्की नाही. आत्या गेली, वडील गेले, रद्दीवाला तर कधीच गेला. गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना विचारून आले. त्यांना आई आठवत होती, पण आत्या काय गायची ते नाही. “चांगली व्हती बिचारी,” म्हणाल्या. चांगली तर सगळ्यांचीच आई असते.

मागच्या आठवड्यात गावी गेले आणि भावाला सगळं सांगून टाकलं. तो देवधर्मातला नाही, घरच्या गणपतीला सुद्धा वैतागतो. त्याला आई एका दिवसापुरतीही आठवत नाही. त्याने माझ्या हातातली पुस्तिका घेतली आणि शेवटचं पान काढलं.

“ती कुठं आली असती?”

मी बोट ठेवून दाखवलं. कुलस्वामिनीची ओळ, आणि लगेच खाली ‘समाप्त’.

आत त्याची मुलगी अभ्यास करत होती, तिच्या लग्नाला अजून खूप अवकाश आहे. त्याने पुस्तिका मिटून मला परत दिली.

“ताई,” तो म्हणाला, “तीन खुनांवर येल का गो ती?”