झिबल जंगलात राहायला गेला

माझ्या आईच्या मोतीबिंदूमुळे एका परक्या राज्याचा इतिहास बदलला. बदलला मी.

आई सिंदेवाहीला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. वाचनाचं वेड इतकं, की पुड्याचा कागदसुद्धा ती वाचूनच टाकते (आणि तो मध्येच फाटलेला निघाला तर दिवसभर बेचैन!). ऑपरेशनसाठी तिला आमच्या ऊर्जानगरच्या, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये आणलं. डॉक्टरांनी डोळ्यावर हिरवी पट्टी चढवून बजावलं, "वाचायचं नाही, वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही. आणि यांना रडू देऊ नका. रडलं की हात डोळ्याकडे जातोच." हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. माझी बायको सुजाता, तिनेही माझ्याकडेच बघितलं.

दुसऱ्या दिवशीच आई वैतागली. "मी का खाटेवर पडून पंख्याचे फेरे मोजू काय?"

आमची मुलगी तन्वी नागपूरला कॉलेजात असते. तिच्या लाडक्या लेखकाची पुस्तकं घरीच होती. राजे, जादू, बोलणारी जनावरं, सगळी उशीएवढी जाड आणि इंग्रजी. ठरलं असं, की मी ड्युटीवरून आलो की पुस्तक समोर धरायचं आणि आईला मराठीत थोडक्यात सांगायचं.

मला वाटलं होतं, पोरासोरांचं काहीतरी असेल. पण त्या लेखकाला मानलं! मी बॉयलरवरचा माणूस, जादूबिदूशी माझा संबंध नाही, तरी पुढचं प्रकरण वाचण्याच्या नादात कंपनीच्या बसमध्ये माझा स्टॉप निघून गेला. अनाथ राजकन्येला पाठीवर घेऊन फिरणारा एक म्हातारा रानटी बैल त्याने असा रंगवला होता, की वाटावं आता दारात येऊन शिंग घासेल. त्या बैलाचं मूळ नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी त्याचं नाव झिबल ठेवलं आणि बैलाचा रानगवा केला.

"मोहफुलं खाते काय थो?" आईने लगेच विचारलं.

"फार आवडतात त्याला!" (लेखकाने मोह बघितला असण्याची शक्यता कमी. पण आईचं मन कोण मोडणार?)

राजवाड्याच्या फाटकाशी राक्षसी श्वापद आलं तेव्हा मी आवाज खोल केला. आई शांतपणे म्हणाली, "मंग? वनविभागाले फोन नाई केला काय कोणी?" आमच्या कॉलनीत वाघ दिसला की हेच करतात, त्यामुळे मी गुपचूप पान उलटलं.

तिसऱ्या भागाच्या शेवटी झिबल मेला. राजकन्येला वाचवताना, उभ्या उभ्या. हे मी कँटीनमध्ये आधीच वाचलं आणि डबा तसाच ठेवून रडलो. शेजारचा म्हणाला, "भाऊ, भाजी तिखट आहे काय?" आता हे आईला सांगायचं कसं? रडली तर हात डोळ्याकडे जाणार, आणि डोळा गेला तर सुजाता मला बॉयलरमध्ये घालणार!

संध्याकाळी मी झिबलला वाचवलं. "तो जखमी झाला आई, पण मग तो जंगलात राहायला गेला. तिथे मोहफुलं पुष्कळ आहेत. त्याला तिथे बरं वाटतं." (हे मला कुठून सुचलं कोण जाणे!)

आईने माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "बरं. आता याचंच दुसरं काढ. लिहिणारा मास्तर चांगला आहे हा."

मी गॅलरीत जाऊन तन्वीला फोन लावला. "आता याचं काय वाचू?"

"चौथं! ते तर सगळ्यात भारी आहे बाबा! त्या बैलाच्या अंत्ययात्रेपासूनच सुरू होते."

"बैल मेला नाही."

"बाबा, काय केलं तुम्ही?"

"ते सोड. त्याच्या जन्माची गोष्ट आहे ना एक?"

"त्यात पहिल्याच पानावर त्याची आई मरते."

"लघुकथा?"

"त्यात त्याचं भूत येते."

"मग अगदी वेगळ्या राज्याचं काही?"

"आहे ना! त्यात सगळेच मरतात. पण काय लिहिलं आहे, बाबा!"

आतून आईचा आवाज आला, "पोट्टीले विचार, झिबल कोणत्या पुस्तकात आहे. मले थेच पाहिजे!"

झालं. पहिल्याच पानावर आई मरण्यापेक्षा अंत्ययात्रा परवडली, म्हणून चौथं सुरू केलं. त्यात राजकन्या आता राणी झाली होती.

"राणी काऊन रडून राह्यली?"

"सर्दी झाली तिला."

"अख्ख्या गावाले?"

"साथ आहे."

"अन् चौकात झिबलचा पुतळा? जित्याचा पुतळा कोणी बसवते काय गा?"

"हौशी राज्य आहे."

"बरं. मंग झिबल कुठी आहे?"

"अहेरीला. आठवडी बाजाराला गेला."

स्वयंपाकघरात सुजाताच्या हातून झारा पडला. पुढच्याच पानावर राणीने तलवार उपसून बदल्याची शपथ घेतली.

"कायचा बदला?"

"सर्दीचा," मी म्हणालो.

आईने हात वर केला. मी ओरडलो, "आई, डोळा! हात खाली ठेव!"

"पुस्तक ठेव खाली," आई म्हणाली. "झिबल मेला ना?"

मी मान खाली घातली. तिचा उघडा डोळा कोरडा ठणठणीत होता.

"मले तवाच समजलं होतं. 'जंगलात राहायले गेला, तिथी मोहफुलं लय आहेत, त्याले तिथी बरं वाटते.' हे वाक्य माहं आहे, गा! तुह्या लाल्याच्या वेळी मीच तुले सांगितलं होतं."

लाल्या माझा बोकड. मी दुसरीत होतो. त्याला दोरीने शाळेपर्यंत नेत असे. आज पन्नाशी उलटली तरी सिंदेवाहीच्या रस्त्याला लागलो की मी मोहाच्या झाडाखाली एक नजर टाकतोच. बोकड इतकी वर्षं जगत नाही, हा विचार मला कधी शिवला नव्हता.

"म्हणजे... लाल्या जंगलात नाही गेला?"

"तुहा मोठा मामा आल्ता ना पाहुणा त्या दिवशी."

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"दोनदा रस्सा मागून घेतला तू," आई म्हणाली.

मग मात्र माझा बांध फुटला. झिबलसाठी रडलो, लाल्यासाठी रडलो, त्या रश्श्यासाठी तर फारच रडलो! सुजाता धावत आली. सासूचा डोळा कोरडा, नवऱ्याचे दोन्ही वाहताहेत. "काय झालं? झिबल?"

"नाई व, लाल्या," आई म्हणाली आणि माझा हात धरला. "चोळू नको डोळे."

एवढ्या वर्षांत मला जे कळलं नाही, ते कुठल्याशा देशातल्या लेखकाने एक बैल मारून कळवलं. मला त्याचा रागही आला आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं. आईच्या मात्र खरोखरच पाया पडलो.

पुढे पट्टी सुटली, चष्मा आला, डॉक्टर म्हणाले डोळा उत्तम. आईने स्वतःच ठरवलं, "आता झिबलच्या जन्माचं. अन् मी वाचतो, तुह्या भरोशावर नाई!" इंग्रजी ती ओळीवर बोट ठेवून, सावकाश वाचते. मी समोर बसलो. पहिल्या पानावर काय आहे ते मला ठाऊक होतं. पानाच्या शेवटाशी तिचं बोट थांबलं. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाली, "मंग झिबलची माय जंगलात राहायले गेली. तिथी मोहफुलं लय आहेत."

"तिले तिथी बरं वाटते ना?" मी विचारलं.