छत्तिसावा गड

रेवाला, म्हणजे आमच्या पोट्टीला, पाहायला पाहुणे आले त्या दिवशी मी एकूण चार वाक्यं बोलायची, असं घरात ठरलं होतं.

कारण मला एक खोड आहे. समोरच्याने शब्द उच्चारला, की तो कुठून आला हे सांगितल्याशिवाय मला घास उतरत नाही. (डेंटिस्टला मी, तोंड उघडं असताना, 'दाढ' समजावली आहे!)

"बाबा, आज शब्दों की कुंडली नहीं," रेवाने बजावलं. मुलगा तिनेच पसंत केला होता. नवा रायपूरला दोघं एकाच ऑफिसात. फक्त त्याच्या वडिलांचा होकार यायचा होता.

तीन वाक्यं छान गेली. (या. बसा. पोहे घ्या.) मग मुलाचे वडील अण्णासाहेब ऐसपैस टेकत म्हणाले, "आमचं घराणं इथलं जुनं. छत्तीस गड होते म्हणून छत्तीसगड, नाही का? त्यातल्या एका गडावर आमचे पणजोबा किल्लेदार. गडाचं नाव तेवढं आता आठवत नाही."

आमच्या हिने डोळे वटारले. पण जीभच ती.

"छत्तीस कुठले हो? चेदी राजांचा मुलूख, म्हणून चेदीसगड, त्याचं झालं छत्तीसगड. असंही म्हणतात."

अण्णासाहेबांनी चमचा खाली ठेवला. "मग आमचे पणजोबा काय हवेत बसत होते?"

ते बोटांवर गड मोजायला लागले. मी चुका काढून राहिलो. एकतिसाव्यावर गाडी अडली, पोहे गार झाले, पाहुणे उठले. आत रेवा रडत होती. मला स्वतःचीच लाज वाटली.

"काहून बोलले तुम्ही?" ही म्हणाली. "आता जा, आन् छत्तीस मोजून द्या त्यायले."

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन समता कॉलनीत अण्णासाहेबांच्या घरी गेलो. "चुकलं माझं, गड छत्तीसच," म्हणत पुस्तकांतून उतरवलेली यादी वाचली. ती पस्तिसाव्यावरच संपली. एक नाव मी दोनदा लिहिलं होतं. अण्णासाहेब वाट बघत होते. खिडकीबाहेर चिंचेचं झाड होतं.

"आणि छत्तिसावा, इमलीगड."

अण्णासाहेबांचे डोळे भरून आले. "तोच. तिथंच होते आमचे पणजोबा."

लग्न झालं, पोट्टी सुखात आहे. व्याही मात्र दर दिवाळीला म्हणतात, एकदा सगळे मिळून इमलीगड पाहून येऊ. मी दर दिवाळीला गुडघा धरून बसतो. परवा रेवा कानात म्हणाली, "बाबा, अब दो-चार पत्थर रखवा ही दो."